आंब्याचा मोहोर दरवर्षी चिकट होऊन काळा पडतो: पंप बाहेर काढण्याआधी काय तपासावं

मोहोर भरभरून येतो, आणि नेमकं फळ धरायच्या वेळेला सगळं चिकट, काळं होऊन गळतं. मागच्या हंगामात फवारलं, यंदा त्याहून जास्त फवारलं, तरी तेच. या तक्रारीची झाडं मी वर्षानुवर्षं बघतोय. औषध बोगस निघालं असं क्वचित होतं. बहुतेक वेळा कीड भलतीच असते, नाहीतर फवारणीची वेळ चुकलेली असते. त्यातही वाईट म्हणजे आधीच्या फवारण्यांनीच नवी कीड वाढवलेली असते. म्हणून खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या फुकटच्या आहेत, आणि निम्म्याअधिक झाडांचं उत्तर तिथेच मिळतं.

लक्षणं आधी वेगळी करा

“मोहोर गेला” एवढ्याने काही कळत नाही. काय दिसतंय ते नेमकं बघा.

पानं हाताला चिकट लागतात, उन्हात तेलकट चमकतात, नंतर त्यांवर काजळी धरते आणि मोहोराजवळ हात नेला की बारीक पाचरीसारखे किडे टणाटण उडतात, तर ते तुडतुडे. काजळी तीच, पण उडणारं काही नाही आणि देठांच्या बेचक्यात पांढरे मेणचट पुंजके आहेत, तर पिठ्या ढेकूण. पानाला घट्ट चिकटलेले, नखाने खरवडून निघणारे चपटे ठिपके म्हणजे खवले कीड.

कोवळ्या पानांच्या कडा वळल्यात, मधली शीर तपकिरी पडलीय, लहान फळाची साल करडी आणि खरबरीत झालीय, तर फुलकिडे. जून पानांची वरची बाजू शिरेच्या कडेने तांबूस-करडी पडून धूळ बसल्यासारखी दिसते, तर लाल कोळी.

मोहोराचा जाड, गच्च, हिरवट गुच्छ होतो, त्यात फळ धरत नाही आणि तो वाळून झाडावरच लटकत राहतो, तर ती मोहोराची विकृती. हिच्याबद्दल पुढे लिहिलंय, कारण यात कोळी आणि बुरशी दोघांचा हात असतो.

मोहोरावर पांढरी पूड असेल तर ती भुरी. हा बुरशीजन्य रोग आहे, त्याला कीटकनाशक मारून काही होत नाही. मोहोराचा दांडा एका बाजूला वाकलाय आणि वाकलेल्या जागी बारीक काळपट ठिपका किंवा भोक आहे, तर मिजमाशी. शेंडा वाळलाय आणि मोडल्यावर आत पोकळ दिसतो, तर शेंडा पोखरणारी अळी. खोडाला भोक आणि बुंध्याशी भुसा पडलेला दिसला, तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड. मग बाकीचं बाजूला ठेवून थेट सातव्या तपासणीकडे जा.

एकाच झाडावर दोन-तीन किडी एकदम असणं अगदी सर्रास आहे.

पहिली तपासणी: ओलं फडकं

काळं पडलेलं पान ओल्या फडक्याने पुसा. काळेपणा निघाला आणि खाली पान हिरवंगार दिसलं, तर ती काजळी. ही बुरशी पानात शिरत नाही. किडीने टाकलेल्या गोड चिकट्यावर ती वरच्या वर वाढते. म्हणून तिच्यासाठी बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. चिकटा थांबला की काजळी थांबते. काळेपणा पुसून निघाला नाही आणि पानात, मोहोरात करपलेले डाग दिसले, तर करप्याचा संशय घ्या. तो या लेखाचा विषय नाही.

आता काळ्या पानाच्या वर बघा. चिकटा वरून खाली गळतो, त्यामुळे कीड बहुधा काळ्या पानावर नसते. ती त्याच्या वरच्या पानाच्या पाठीला किंवा वरच्या मोहोरावर असते. लोक काळं पान उलटसुलट करून बघतात, काही सापडत नाही, आणि “कीड नाही, रोगच आहे” असं ठरवून मोकळे होतात.

काजळी जुनी असेल तर कीड मेल्यावरही ती बराच काळ टिकते. पावसाने धुपते, किंवा पातळ खळ फवारली की वाळताना पापुद्र्यासकट सुटून येते. औषध लागू पडलं का, हे काजळीवरून कधीच ठरवू नका. नवीन फुटलेली पालवी चिकट होतेय का, ते बघा.

दुसरी तपासणी: पांढऱ्या कागदावर झटकणी

जाड पांढरा कागद किंवा पांढरा ट्रे मोहोराखाली धरा आणि दांड्यावर तळहाताने दोन-तीनदा टपटप मारा. पहाटेच्या गारव्यात करा, तेव्हा तुडतुडे सुस्त असतात. ऊन चढल्यावर कागद सरकवायच्या आत निम्मे उडून जातात.

कागदावर काय पडतं ते नीट बघा. तुडतुडा ३ ते ५ मिलिमीटरचा, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळता. तो तिरका, खेकड्यासारखा चालतो आणि एकदम उडी मारतो. पिल्लांना पंख नसतात, ती फुलांच्या देठांना चिकटून बसतात. फुलकिडा मिलिमीटरभराचा, बारीक पिवळसर रेघ; रांगायला लागल्यावरच दिसतो. आणि नुसते हलणारे ठिपके असतील तर त्यांवरून बोट ओढा. लालसर किंवा हिरवट रेघ उमटली तर कोळी असण्याची शक्यता मोठी. मात्र जे ठिपके भराभर पळतात ते बहुधा शिकारी कोळी असतात, म्हणजे आपल्या बाजूचे.

झाडाच्या चारही बाजूंचे, उंच-खाली मिळून दहा मोहोर झटका आणि सरासरी काढा. मोहोरामागे पाचाच्या आसपास तुडतुडे ही फवारणीची मर्यादा सर्रास धरली जाते. एक-दोनच दिसत असतील तर पंप राहू द्या, आठवड्याने परत मोजा. हा आकडा वहीत लिहा. पुढच्या सगळ्या तपासण्यांना तो लागणार आहे.

दाट झाडाखाली शांत उभं राहून फांदी हलवली तर वाळक्या पानांवर बारीक सरी पडल्यासारखी टिकटिक ऐकू येते. तो उड्या मारणाऱ्या तुडतुड्यांचा आवाज. असा आवाज आला की मोजायची गरज नसते, प्रादुर्भाव भरपूर आहे.

तिसरी तपासणी: दहापट भिंग

कोळ्यासाठी भिंग लागतंच. इथे एक सवय मोडावी लागते. कोळी म्हटलं की आपण पान उलटं करतो. पण आंब्यावरचा लाल कोळी, ऑलिगोनिकस मँगिफेरस, जून पानाच्या वरच्या बाजूला, मधल्या शिरेच्या कडेला राहतो. भिंगातून गोल लालसर अंडी, पांढऱ्या टाकलेल्या काती आणि विरळ जाळी दिसली की खात्री पटते. काती भरपूर आणि जिवंत कोळी एकही नाही, असं असेल तर हल्ला होऊन गेलाय. तांबूस झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बघून फवारत बसू नका.

रस्त्याकडेच्या धुळीतल्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या झाडांवर कोळी आधी वाढतो. लहान झाड असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पानांवर मारून आठवडाभर वाट बघा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

अंकुरातला कोळी, अॅसेरिया मँगिफेरी, मात्र साध्या भिंगात नीट सापडत नाही. तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, लांबुळका, आणि डोळ्याच्या पापुद्र्यांत लपलेला असतो. मोहोराची विकृती घडवते ती फ्युजेरियम बुरशी. हा कोळी तिचे बीजाणू अंगावर वागवत डोळ्यांत पोचवतो. म्हणून नुसतं कोळीनाशक मारून विकृती जात नाही. विकृत गुच्छ त्याखालच्या फूटभर निरोगी फांदीसकट कापा, बागेबाहेर नेऊन जाळा आणि दर कापानंतर कात्री निर्जंतुक करा. कापलेले गुच्छ झाडाखाली टाकून ठेवले तर पुढच्या मोहोराला तीच कथा.

चौथी तपासणी: मुंग्या, बुंधा आणि जमीन

खोडावरून मुंग्यांची सलग रांग वर जात असेल तर तिच्या मागे मागे जा. मुंग्या चिकट्यासाठी पिठ्या ढेकूण आणि खवले कीड सांभाळतात, त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. रांग तोडली की पुष्कळदा मित्रकीटक उरलेलं काम करतात. रांग तोडायची म्हणजे जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या, खोडाजवळचं गवत काढायचं आणि खोडाला चिकट पट्टा बांधायचा. चिकट पदार्थ थेट सालीवर लावू नका, कोवळी साल भाजते. खाली कागद किंवा प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर लावा.

पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांची गोष्ट जरा वेगळी. त्या चावतात, काढणीला नकोशा होतात, पण तुडतुडे आणि बाकी किडीही फस्त करतात. त्यांची घरटी असलेल्या झाडावर खवले कीड वाढली नसेल तर मी त्यांना हात लावत नाही.

मोठा पिठ्या ढेकूण, ड्रोसिका मँगिफेरी, तुमच्या भागात असेल तर त्याचा उपाय झाडावर शोधू नका. याची मादी झाडावरून उतरून बुंध्याजवळच्या मातीत अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर पडून खोडावरून वर चढतात. ती चढायच्या आधी जमिनीपासून फूटभर उंचीवर २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीची गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी खोडाला घट्ट बांधायची. वरखाली सुतळी आणि सालीच्या खाचा चिखलाने किंवा ग्रीसने बुजवायच्या. खाच राहिली की पिल्लं त्यातून वर जातात आणि पट्टी नुसती शोभेला उरते. पट्टीखाली अडकलेली पिल्लं रोज खरवडून मारा. बुंध्याभोवतीची माती हंगाम संपल्यावर हलकी चाळवली की अंडी वर येतात, उन्हाने आणि पक्ष्यांनी संपतात. पिल्लं एकदा मोहोरावर पोचून अंगावर मेण चढलं की औषध नीट भिजवत नाही. त्यामुळे इथे सगळी मदार वेळेवर आहे.

शेवटी सालीच्या भेगा बघा. मोहोर नसतो तेव्हा तुडतुडे कुठे जातात, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. ते तिथेच असतात: खोडाच्या भेगांत, सुटलेल्या सालीखाली, दाट फांद्यांच्या सावलीत. सैल साल अलगद काढून बघा. बिगरहंगामात इथे तुडतुडे दिसले तर पुढच्या मोहोरावर काय होणार ते आत्ताच कळलं.

पाचवी तपासणी: भर दुपारी झाडाखाली उभे राहा

भर दुपारी झाडाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात का? सगळीकडे गर्द सावली असेल तर तुडतुड्याला हवी ती जागा तुम्हीच सांभाळून ठेवलीय. त्याला सावली, दमटपणा आणि बंद हवा मानवते. जुन्या, एकमेकांत घुसलेल्या झाडांच्या बागेत दरवर्षी तोच त्रास होतो त्याचं मोठं कारण हेच. शिवाय अशा झाडात औषध आतपर्यंत पोचत नाही, बाहेरची पानं भिजतात आणि आतले तुडतुडे तसेच राहतात.

छाटणी काढणीनंतर लगेच करा. मधली सरळ वर गेलेली फांदी काढून झाडाचं पोट उघडा, आत वळलेल्या आणि वाळक्या फांद्या काढा, शेजारच्या झाडात घुसलेल्या मागे आणा. सगळं एका वर्षात करू नका. एकदम उघडं पडलेलं खोड उन्हाने भाजतं आणि फाटलेल्या सालीत भिरूड अंडी घालते. छाटणीला मजुरी लागते, झाड थोडा काळ ओकंबोकं दिसतं, म्हणून लोक टाळतात. मला मात्र एकच काम करायची मुभा दिली तर मी फवारणी सोडून छाटणी निवडेन.

नत्र खताचा हातही बघा. जास्त नत्राने अवेळी लुसलुशीत पालवी फुटत राहते, आणि तुडतुडे, फुलकिडे, मिजमाशी सगळ्यांना बिगरहंगामातही खायला मिळतं.

सहावी तपासणी: फवारणीची वही

इथून पुढे खर्च सुरू होतो. वही नसेल तर आठवून लिहा: कुठलं औषध, कोणत्या तारखेला, झाड कोणत्या अवस्थेत, किती पाणी. मग हे तपासा.

अवस्था. तुडतुड्याची मादी मोहोराच्या दांड्यात आणि कोवळ्या पानाच्या शिरेत, पेशींच्या आत अंडी घालते. स्पर्शाने मारणारं औषध तिथे पोचत नाही. अंडी साधारण आठवड्याभरात उबतात आणि पिल्लं दोन-तीन आठवड्यांत मोठी होतात. म्हणून पहिली फवारणी बोंगे फुटताना, फुलं उमलायच्या आधी. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पुन्हा झटकणी, आणि आकडा मर्यादेवर असेल तरच दुसरी. मोहोर काळा पडल्यावर केलेली फवारणी उशिराची असते. नुकसान होऊन गेलेलं असतं.

फुलोरा पूर्ण उमललेला असताना फवारू नका. आंब्याचं परागीकरण मुख्यत्वे माश्या करतात, सोबत मधमाश्या. ऐन फुलोऱ्यात फवारलं की तुडतुड्यांबरोबर त्याही मरतात. मग मोहोर स्वच्छ राहतो, पण फळ धरत नाही, आणि त्याचं खापर हवामानावर फुटतं.

औषधाचा गट. बाटलीवरचं व्यापारी नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. लेबलवर कृतिगटाचा (औषध किडीला कसं मारतं त्याच्या गटाचा) क्रमांक असेल तर तो बघा: पायरेथ्रॉइड ३अ, निओनिकोटिनॉइड ४अ, बुप्रोफेझिन १६. तीन वेगळ्या नावांच्या बाटल्या एकाच गटाच्या निघाल्या तर तुम्ही एकच औषध तीनदा मारलंय आणि त्याला न दबणारे तुडतुडे निवडून ठेवलेत. एका मोहोरात तोच गट दुसऱ्यांदा वापरू नका. बुप्रोफेझिन पिल्लांची कात टाकणं अडवतं, प्रौढांना ते थेट मारत नाही. म्हणून ते मारल्यावर दुसऱ्या दिवशी तुडतुडे उडताना दिसले तर घाबरून वर दुसरं औषध मारू नका.

फवारणीनंतर वाढलेली कीड. तुडतुडे कमी झाले, पण महिन्याभरात पानं तांबूस व्हायला लागली किंवा पिठ्या ढेकूण वाढला, तर वही उघडा. पायरेथ्रॉइडच्या लागोपाठ फवारण्या शिकारी कोळी आणि ढालकिडे संपवतात. लाल कोळी मात्र त्यातून वाचतो आणि मोकळ्या रानात वाढतो. अशा झाडावर पुन्हा कीटकनाशक नको. पायरेथ्रॉइड बंद करा आणि कोळी भरपूर असेल तरच पाण्यात विरघळणारं गंधक किंवा खास कोळीनाशक लेबलप्रमाणे वापरा. गंधक कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात. तेलाच्या फवारणीपासून त्याचं किमान दोन आठवडे अंतर ठेवा.

पोहोच. आधी साधं पाणी फवारा आणि लगेच वरच्या, आतल्या फांदीची पानं उलटून बघा. कोरडी असतील तर नोझल, दाब किंवा पंपच कमी पडतोय. औषधाचं प्रमाण वाढवून ही उणीव भरत नाही.

सातवी तपासणी: जे बाहेरून दिसत नाही

फळं पिकताना आतून सडतात आणि अळ्या निघतात, तर फळमाशी. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात फक्त नर येतात. एकट्या सापळ्यावर विसंबू नका, गळालेली फळं रोज गोळा करून खोल पुरा. कोयीतल्या भुंग्याची खूण तर फळ कापेपर्यंत कळतच नाही. तिथेही पडलेल्या फळांची आणि कोयांची साफसफाई हाच पाया.

भिरूड हा सगळ्यात गंभीर प्रकार. बुंध्याशी ताजा, ओलसर भुसा, सालीवर चीक आणि एखादी फांदी मलूल ही तिची खूण. अळी बोटाएवढी जाड होते आणि महिनोन्‌महिने लाकडात राहते. लहान फांदीत असेल तर फांदी कापून जाळा. खोडात एखादंच ताजं भोक असेल तर भुसा काढून, टोक वाकवलेली लवचीक तार आत सरकवा आणि अळी ओढून काढा. तारेला ओला पिवळसर गर लागला तर अळी चिरडली असं समजा. भोक मातीने बुजवा आणि आठवड्याने बघा. पुन्हा भुसा आला तर आत आणखी एक आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खोडाला दोन-तीनपेक्षा जास्त जिवंत भोकं असतील, किंवा भिरूड घर, वाट, विजेची तार यांच्यावर झुकलेल्या फांदीत असेल, तर तार घेऊन वर चढू नका. पोखरलेली फांदी बाहेरून धडधाकट दिसते आणि वजनाने मोडते. हे झाडं उतरवणाऱ्या जाणकाराचं काम. भोकात धुरीचं विषारी औषध भरणं हेही प्रशिक्षित माणसाचंच काम.

एक फांदी अचानक वाळली, पानं तपकिरी होऊन तशीच लटकली, खोडावर टाचणीएवढी भोकं आणि डिंक दिसतोय, तर ते भिरूड नसून सालभुंगा आणि त्यासोबत येणारा सेराटोसिस्टिस बुरशीचा मर रोग असू शकतो. यात घरगुती उपाय करत बसलात तर झाड जातंच, शेजारचीही जातात. तीच कुऱ्हाड दुसऱ्या झाडाला लावू नका आणि लगेच वनस्पतिरोग तज्ज्ञाला दाखवा.

दोन वेगळ्या गटांची औषधं योग्य अवस्थेत, नीट भिजवून मारली आणि झटकणीचा आकडा हलला नाही, तर तिसरी बाटली उघडू नका. प्रतिकारशक्ती आलीय की कीडच वेगळी आहे, हे कीटकशास्त्रज्ञच सांगेल. शिडीवरूनही शेंडा भिजत नाही एवढं उंच झाड असेल तर उच्च दाबाचा पंप आणि संरक्षक कपडे असलेल्या माणसाकडूनच फवारून घ्या. काढणी जवळ आली असेल तर लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी मोजा. तो बसत नसेल तर फवारणी नाही.

फवारताना मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणं, हातपाय थरथरणं यांतलं काहीही झालं तर काम तिथेच सोडा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचं लेबल सोबत घेऊन दवाखान्यात जा. मुद्दाम उलटी करायला लावू नका.

तज्ज्ञाकडे नमुना नेताना पानं आणि मोहोर कागदी पिशवीत न्या. प्लॅस्टिकमध्ये पाणी सुटून ती कुजतात आणि कोळी ओळखू येत नाही. किडे छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये बुडवा. काळ्या पानाबरोबर त्याच्या वरची फांदीही घ्या, एक निरोगी पान तुलनेला ठेवा, आणि सोबत वही न्या. ती बघितल्याशिवाय चांगला तज्ज्ञ औषधाचं नाव सांगत नाही.